गुडघाभर पाण्यातले गमबूट

स्टोअरच्या खिडकीशी कोणीही जाऊन उभं राहिलं, की भाऊ आधी त्याच्या पायांकडे पाहायचे. तोंडाकडे नंतर. खिडकी छातीच्या उंचीवर होती, त्यामुळे समोरच्याचे पाय पाहायला त्यांना खुर्चीतून अर्धं उठून पुढे वाकावं लागायचं. तेवढे कष्ट ते दिवसभर, येईल त्या प्रत्येकासाठी घ्यायचे.

मी नोकरीला लागले त्या पहिल्या दिवशी लॅबसाठी हातमोजे मागायला गेले होते. ते उठले, वाकले, परत बसले आणि म्हणाले, "सहा नंबर."

"मला हातमोजे हवेत, बूट नाही."

"हातमोजे देतो ना मॅडम. पन नंबर पाहून ठेवला. तुमचा डावा पाय थोडा मोठा हाय."

घरी जाऊन मी फूटपट्टी लावली. डावा पाय खरंच मोठा निघाला. इतकी वर्षं मी तो वापरत होते आणि मलाच पत्ता नव्हता.

गोंदियात दगड भिरकावला तर तो कुठल्या ना कुठल्या राईस मिलच्या पत्र्यावर पडतो. त्यातल्याच एका मिलमध्ये आम्ही होतो, मी अजूनही आहे. धान आत येतं, तांदूळ बाहेर जातो, आणि प्रत्येक ट्रकमधला मूठभर नमुना माझ्या टेबलावर येतो. ओलावा किती, तुकडा किती, लाल दाणा किती, हे मी पांढऱ्या दिव्याखाली पाहते. भाऊ स्टोअर सांभाळायचे. नटबोल्टपासून झाडूपर्यंत सगळं त्यांच्या ताब्यात असे, पण त्यांचा जीव होता बुटांत. चप्पल घालून कोणी मशीनकडे निघाला, की ते खिडकीतून ओरडायचे, "आधी पाय, मंग बाकी!" एकदा खुद्द मोठे साहेब कोल्हापुरी घालून निघाले होते. त्यांनाही तेच वाक्य ऐकावं लागलं, आणि साहेब मुकाट्याने मागे फिरले.

मिलमध्ये पोती शिवणाऱ्या बायका होत्या. कंपनीकडून बूट यायचे ते सहा नंबरपासून पुढचे. या बायांचे पाय चार नंबरचे. त्या बुटात कापडाचे बोळे कोंबून चालायच्या. भाऊंनी अर्ज केला. उत्तर आलं नाही. दुसरा केला. मग दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते एक अर्ज करू लागले, मजकूर तोच, खाली सही तीच. शेवटी चार नंबरचे बूट आले. खोकं उघडलं त्या दिवशी भाऊंनी एकेकीला खिडकीशी बोलावून तिचे बूट दिले आणि कोणी "थँक्यू" म्हणायच्या आत खिडकी लावून घेतली. त्यांना ते सहन व्हायचं नाही.

आणि हा माणूस स्वतः स्टोअरमध्ये अनवाणी असायचा. चपला दाराबाहेर काढलेल्या, देवळाबाहेर काढतात तशा. मी विचारलं तर म्हणाले, "तलावात वाढलेल्या मानसाले बूट चावते मॅडम." ते ढीवर समाजाचे, नागझिऱ्याच्या अलीकडच्या एका गावचे. गावाला मोठा मामा तलाव आहे, जुन्या मालगुजाराच्या काळातला. भाऊंचं सगळं कुळ त्या तलावातल्या मासोळीवर जगलेलं. हे एकटेच शिकून मिलमध्ये आले आणि गोंदियाला लागून असलेल्या मुर्रीला बिऱ्हाड करून राहिले. शिकवलं ते मोठ्या बहिणीने. आई लवकर गेली, तेव्हा ही बहीणच आई झाली. भाऊ तिला 'बाई' म्हणायचे आणि तिचं नाव काढलं की आपोआप ताठ बसायचे.

आता त्या सहलीकडे येते. सहल म्हटलेलं आमच्या एचआरच्या मॅडमना आवडायचं नाही. त्या नागपूरहून आल्या होत्या आणि 'टीम रिट्रीट' म्हणायच्या. दोन दिवस सगळ्यांनी मिळून बाहेर जायचं, तिथली संस्कृती पाहायची आणि पर्यावरणाचं काहीतरी काम करायचं, असा वरून आदेश होता. कुठे जायचं यावर मीटिंग बसली. कोणीतरी नागऱ्याचं महादेवाचं देऊळ सुचवलं. तिथे आम्ही दर महाशिवरात्रीला जातोच, त्यात रिट्रीट काय, असं दुसरं कोणी म्हणालं. भाऊ त्या वेळी खोलीत वायरचा बोर्ड लावायला आले होते. मॅडमनी सहज विचारलं, "भाऊ, आपको क्या लगता है?"

भाऊ बोर्ड हातात धरून उभे राहिले. "आमच्या गावच्या तलावात बेशरम लई झाली हाय," ते म्हणाले. "तेवढी काढून देल्ली तं बरं होईल. रात्री दंडार करतीन पोट्टे."

बेशरम आपण सगळ्यांनी पाहिलेली असते. जांभळ्या फुलांची, पोकळ दांड्याची, कापावी तितकी वाढते. ती तलावाचा काठ खाऊन टाकते. आणि दंडार म्हणजे आमच्या झाडीपट्टीतला नाच-गाण्याचा खेळ. संस्कृती झाली, पर्यावरणही झालं. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. बाहेरचे लोक तलावात उतरणार म्हणून गावातली मच्छीमारांची सोसायटी कुरकुरत होती. भाऊ दोनदा जाऊन आले. "माह्या मिलचे लोक हायत, नीट काम करतीन," असा शब्द त्यांनी बहिणीला दिला आणि बहिणीने तो सोसायटीला दिला.

पाऊस नुकता सरला होता. तलाव काठोकाठ भरला होता आणि धान पोटरीत आलं होतं. आम्ही बसने पोचलो तेव्हा भाऊ आधीच तिथे होते. त्यांनी मिलमधले गमबूट पोत्यांत भरून आणले होते, आणि प्रत्येक जोडीवर नावाची चिठ्ठी. माझ्या जोडीतला डावा बूट त्यांनी सात नंबरचा ठेवला होता.

त्यांची बहीण पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभी होती. उंच, वाळलेली, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. तिने आम्हाला दाखवलं. पाण्यात काही अंतरावर बांबूच्या काठ्या रोवल्या होत्या. "काठाची बेशरम उपटा. मुळासकट उपटा. बांबूच्या तिकडे कोनी जाऊ नका, तिकडचं आम्ही लावलो हाय. आन् बूट काढून उतरा. पायाले समजते कुठं काय हाय."

"नाई बाई," भाऊ मध्येच म्हणाले. "सवय नाई या लोकाइले. जळू लागते, काच लागते. बूट राहू दे."

ती त्यांच्याकडे पाहून म्हणाली, "तुह्या लोकाइचं तू जान."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग मॅडमनी दोन गट पाडले आणि स्पर्धा लावली. ज्या गटाचा ढीग उंच, तो जिंकला. एका गटाची कॅप्टन मी.

माझ्याविषयी एक गोष्ट सांगायला हवी. मला हरता येत नाही. कॅरम असो की अंताक्षरी, मी भांडून जिंकते. भाऊ जेवणाचं आणि दंडारीचं पाहायला गावात गेले, बहीण पाळीवर लांब उभी राहिली आणि आम्ही घुसलो. तासाभरात आमच्या बाजूची बेशरम संपत आली. शेजारचा ढीग आमच्यापेक्षा हातभर उंच दिसत होता. आमच्यातलं कोणी म्हणालं, "अंदर बहुत घास है, मॅडम." मी आत पाहिलं. बांबूच्या पलीकडे लांब पात्यांचं हिरवं गवत दाट उभं होतं. एक काठी वाऱ्याने थोडी कलली होती.

"घ्या," मी म्हणाले. "काठी इकडेच होती की काय, कोणाला माहीत."

मला माहीत होतं.

ते गवत सहज येत होतं. बेशरमीसारखी ओढाताण नाही. चिखलातून ते मुळांसकट सुटून हातात यायचं, लोण्यातून सुरी काढावी तसं. ढीग भराभर चढला. शिट्टी वाजली, आम्ही जिंकलो आणि ढिगावर पाय ठेवून आम्ही फोटो काढले.

भाऊ परत आले ते थेट ढिगाशी. त्यांनी उकिडवं बसून एक काडी ओढून काढली. तिला बारीक, लांब कुसांची ओंबी होती. "मॅडम," ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "हे देवधान हाय."

देवधान म्हणजे तलावात आपलं आपण उगवणारा तांदूळ. ऋषिपंचमीच्या उपासाला बाया हाच खातात, कारण तो नांगराने पेरलेला नसतो. त्याच्या दांड्यांच्या आसऱ्याने मासोळ्या अंडी घालतात, पिल्लं तिथेच वाढतात. बेशरमीने या तलावातलं देवधान संपवलं होतं. भाऊंच्या बहिणीने गावातल्या बायांना घेऊन दूरच्या दुसऱ्या तलावातून ते डोक्यावर वाहून आणलं होतं आणि तीन पावसाळे लावलं होतं. आम्ही ते तासाभरात काढलं. आम्ही म्हणजे तांदळावर पोट असलेले लोक. मी म्हणजे रोज दिव्याखाली तांदूळ ओळखणारी. दाणा पाहण्यात माझा जन्म गेला, त्याचं झाड माझ्या हातात आलं आणि मी त्याला कचरा समजले.

बहीण पाळीवरून उतरून आली. "कोन काढलं हे?"

एचआरच्या मॅडम माझ्याकडे पाहत होत्या. मी माझ्या बुटांकडे पाहत होते.

"मी सांगतलो नाई नीट," भाऊ म्हणाले. "माह्यी चूक हाय बाई."

"खोटं नको बोलू."

"खोटं नाई."

ती वळली आणि गावाकडे चालू लागली. तिच्यामागे पाळीवर जमलेल्या गावातल्या बायाही गेल्या.

संध्याकाळी दंडार झाली. पोरांनी छान केली, ढोलकी घुमली, मॅडमही नाचल्या. जिंकलेल्या गटाला ढाल दिली. ती मी घेतली, हे लिहायलाच हवं. भाऊ तिथे नव्हते. अंधार पडेपर्यंत ते ढिगातून देवधान निवडत होते. ज्याची मुळं शाबूत होती ते परत चिखलात खोचत होते. त्यातलं फारसं काही जगलं नाही.

दिवाळी आली. नवीन धान यायला लागलं की मिलला सुट्टी नसते, थोड्या लोकांना यावंच लागतं. भाऊबीजेला मी लॅबमध्ये होते. दुपारी काही लागलं म्हणून स्टोअरकडे गेले, तर खिडकी उघडी आणि आत भाऊ. आजवर भाऊबीजेला ते कधी मिलमध्ये दिसले नव्हते. त्यांच्या गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्राही त्याच दिवशी भरते. बायको तिच्या भावाकडे जायची आणि हे आपल्या बाईकडे.

"गावी नाही गेलात?"

"स्टोअरमंदी कोनी पाहिजे ना."

"भाऊ."

त्यांनी खिडकीच्या चौकटीवरची धूळ बोटाने पुसली. "बाईनं बोलावलंच नाई. बोलत नाई माह्याशी. फोन उचलत नाई." एखादा स्पेअर पार्ट संपलाय, असं सांगावं तशा आवाजात ते सांगत होते.

तेव्हा माझ्या तोंडून ते बाहेर पडलं. "ते देवधान मी काढायला लावलं, भाऊ. मला बांबू दिसत होते."

"मले माहीत हाय. तुमचाच गट होता तो."

"मग तुम्ही अंगावर का घेतलंत?"

"बूट मी देल्लो ना मॅडम." त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं, की मला एवढं कसं कळत नाही. "बाई म्हनत होती, काढा. मी आयकलो नाई. बेशरमीचं खोड पायाले कडक लागते. देवधान नरम लागते. उघडा पाय असता तं तुमचा पायच थांबला असता. मानूस कायले तोडन?"

यात औदार्य-बिदार्य काही नव्हतं. ते मला वाचवत नव्हते. त्यांचा तसा विश्वासच होता. पाय झाकला की माणसाकडून चूक होते, आणि पाय झाकला होता त्यांनी. मी अनवाणी असते तरी ओढून काढलं असतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. ते त्यांना सांगायची हिंमत मात्र झाली नाही. त्या दिवशी घरी जाऊन मी माझ्या भावाला ओवाळलं आणि मला जेवण गेलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात, आषाढातल्या एका रविवारी, मी स्कूटर काढून त्या गावी गेले. बाया पाण्यात उतरून लावणी करत होत्या, दुसऱ्या तलावातून आणलेल्या देवधानाची. भाऊंची बहीण मधोमध होती. मी काठावरूनच सांगितलं, "मागच्या वर्षीचं मी काढलं होतं. तुमच्या भावाची चूक नव्हती."

"मले माहीत हाय," ती कंबर सरळ न करता म्हणाली. "मी पाळीवर होती. दिसत होतं मले. वरडली बी, पन तुमच्या गोंगाटात कोनी आयकलं नाई."

"मग भाऊंशी का बोलत नाही तुम्ही?"

आता ती उभी राहिली. "माय गेली तवा तो एवढासा होता. माह्या ताटात जेवला तो. माह्यासमोर कधी खोटं बोलला नाई. आन् तुमच्यासाठी बोलला. काऊन बोलला? तुम्ही कोन त्याचे?"

मी बुटांचं सांगितलं. भाऊ जे म्हणाले ते, त्यांच्याच शब्दांत, जितकं आठवलं तितकं. तिने ऐकून घेतलं. हातातली जुडी पाण्यात हलवत राहिली. शेवटी पुटपुटली, "म्हनजे त्याले खरंच तसं वाटते."

"हो."

"येडा हाय." आणि मग माझ्याकडे वळून, "तू कायले उभी हायस? चप्पल काढ, उतर."

मी उतरले. चिखल बोटांच्या मधून वर आला. पहिल्यांदा किळस आली, मग नाही. तिने माझं पाऊल हाताने धरून एकदा जुन्या बेशरमीच्या खुंटावर ठेवलं आणि एकदा नव्या लावलेल्या रोपाजवळ. फरक कळला. खरंच कळतो.

लावता लावता मी मान वर केली, तर तलावाच्या पलीकडच्या काठाला एक माणूस एकटाच वाकून लावणी करत होता. भाऊ. पावसाळा लागल्यापासून ते दर रविवारी येत होते, असं बायांनी सांगितलं. या काठाला बहीण, त्या काठाला भाऊ, मध्ये पाणी. दोघं एकाच वेळी रोपं आणायचे, एकाच वेळी लावायचे आणि एकमेकांना ओळख न देता घरी जायचे. बाया हसत होत्या. मलाही हसू आलं.

निघताना मी विचारलं, "भाऊंना काही सांगू?"

"सांग की..." ती थांबली. "नको. काई नको सांगू."

तिने माझा नंबर मात्र घेतला.

दिवाळी पुन्हा आली. ड्यूटीच्या यादीत भाऊबीजेसमोर भाऊंनी स्वतःच आपलं नाव लिहिलं होतं. यादी माझ्यासमोरून गेली आणि मी काही बोलले नाही. बोलायचा मला काय अधिकार होता? मीही आपलं नाव त्याखाली लिहिलं.

त्या दिवशी बारा वाजता लॅबमध्ये फोन वाजला. अनोळखी नंबर.

"लॅबवाली पोरगी का तू?"

"हो."

"तो हाय का तिकडं?"

"आहेत."

"जेवला का?"

"नसतील अजून. एक वाजता जेवतात."

"डबा खाऊ देऊ नको त्याले." मागे भांड्यांचा आवाज येत होता. "पाट मांडून ठेवली हावो सकाळपासून. मासोळी आली हाय तलावातली, औंदा जास्त आली. रस्सा थंडा होऊन राहिला."

"तुम्ही बोलावलंय म्हणून सांगू?"

मग ती खेकसली, "मंग काय सरपंचानं बोलावलं म्हनून सांगतं?"

मी धावत गेले. अंगावर लॅबचा पांढरा कोट तसाच. भाऊ खिडकीत बसून डब्याचं झाकण उघडत होते.

"बाईंचा फोन होता," मी म्हणाले. "पाट मांडलाय म्हणाल्या. सकाळपासून मांडलाय."

त्यांनी झाकण परत लावलं. "बाई स्वतः बोलली?" त्यांनी विचारलं.

"स्वतः."

"आवाज कसा होता?"

"ओरडत होत्या."

त्यांचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. ते उठले, खिडकी लावली, दाराला कुलूप घातलं. इतक्या वर्षांत पाळी चालू असताना ते कुलूप मी लागलेलं पाहिलं नव्हतं. फाटकातून ते बाहेर पडले ते चालत नव्हते, पळत होते, पंचावन्न वर्षांचा माणूस. कुलूप लावताना पायरीवर ठेवलेला डबा तसाच राहिला.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी नोकरी सोडली आणि गावीच राहायला गेले. आता स्टोअरला दुसरं कोणी आहे, चांगला मुलगा आहे, पटकन वस्तू देतो. पण मला त्या खिडकीशी गेलं की तीच दुपार आठवते. मी लॅबमध्ये परत येऊन दार लावून घेतलं होतं आणि मनसोक्त रडले होते. तेवढ्यात प्लँटचा इंजिनीअर दार वाजवायला लागला. मशीनचा पट्टा तुटला होता, नवीन हवा होता आणि स्टोअरला कुलूप.

"भाऊ कहाँ गए?" तो वैतागून विचारत होता.

"बहन के घर."

"कब आएँगे?"

"आज नहीं," मी डोळे पुसत म्हणाले. "आज कोई नहीं बुलाएगा उनको. मशीन बंद रखो."

त्या दुपारी मिल चार तास बंद राहिली.